न मोजलेल्या तीन स्लाइड

ताई,
मी सत्तावीस वर्षांची आहे. डायटमवर, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शैवालावर, पीएचडी करते. रात्री लॅबमध्ये एकटी असताना मायक्रोस्कोपखाली ती काचेची कवचं दिसली की माझे हात आपोआप जोडले जातात. मी लहानपणापासून देव मानत आले आहे आणि त्या क्षणी तो जितका जवळ वाटतो तितका एरवी कधीच वाटत नाही. लॅबमधल्या एका मित्राजवळ हे बोलून गेले तर तो हसला. म्हणाला, 'भक्त हो नाहीतर शास्त्रज्ञ हो, दोन्ही एकदम जमायचं नाही.' घरी मामा उलट सांगतात. 'देवानं झाकून ठेवलेलं उघडून बघायचं नसतं, हा अहंकार आहे.' त्यामुळे घरी मी लॅबबद्दल बोलत नाही आणि लॅबमध्ये मनातलं बोलत नाही. मी दोघांनाही फसवते आहे का?
गेल्या वर्षी मला एक गुणोत्तर सापडलं, पेशीची लांबी आणि कवचावरच्या रेषांची दाटी यांचं. ग्राफवरचे ठिपके पहिल्यांदा सरळ रेषेत आले तेव्हा मी रडले. वाटलं, ही त्याचीच सही. हल्ली मात्र कामात मन लागत नाही. दुसऱ्या तळ्यातल्या पाण्याच्या तीन स्लाइड मोजायच्या राहिल्या आहेत, वरवर बघितल्या तेव्हा जरा वेगळ्या वाटल्या, पण ते काही एवढं महत्त्वाचं नाही. विज्ञानातून देव शोधणं खरंच शक्य आहे का, एवढंच सांगा.
– एक संशोधक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीच लिहिते. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हात जोडले जाण्यापाशी थांबले, कारण ते मला अनुभवानं ठाऊक आहे. दुसऱ्यांदा मामांच्या बोलण्यापाशी. तिसऱ्यांदा मात्र नजर त्या तीन स्लाइडवर अडकली आणि तिथून हलेना. 'ते काही एवढं महत्त्वाचं नाही' असं तू लिहिलं आहेस, आणि मला तर तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. त्याकडे शेवटी येते.

आधी मामा. ते जे म्हणतात ते तुझ्या घरापुरतं नाही, फार जुनं दुखणं आहे. सतराव्या शतकात यान स्वामरडाम नावाचा एक माणूस होऊन गेला. जन्म १६३७चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. शिकला वैद्यकी, पण आयुष्य घातलं किड्यांच्या शरीररचनेत. मधमाश्यांच्या पोळ्यातला 'राजा' म्हणून जो ओळखला जायचा, त्याच्या पोटातले अंडाशय त्यानं उघडून दाखवले. राजा नव्हे, ती राणी होती. मेफ्लाय हा त्याचा आणखी एक आवडता कीटक. पाण्यात दीर्घकाळ अळीच्या रूपात राहायचं आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगायचं, तेही काही न खाता. १६७५ साली त्यानं त्यावर पुस्तक काढलं, आणि त्याच सुमारास त्याचं मन फिरलं. आंत्वानेत बूरिन्याँ या साध्वीच्या प्रभावाखाली त्याला वाटू लागलं की आपली ही सगळी उत्सुकता म्हणजे पाप आहे, देवाऐवजी आपण स्वतःच्या हुशारीची पूजा करतो आहोत. त्यानं काम सोडलं आणि तिच्याजवळ राहायला गेला.

म्हणजे तुझे मामा जे म्हणतात तेच त्यानं स्वतःला सांगून बघितलं, आणि तसं जगूनही बघितलं. फार दिवस निभलं नाही. परत आला, पुन्हा भिंग हातात घेतलं. १६७८मध्ये एका मित्राला उवेच्या शरीररचनेबद्दल लिहिताना तो म्हणतो की या उवेत मी तुला सर्वशक्तिमानाचं बोट दाखवतो आहे. उवेत! दोन वर्षांनी तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

मला यातली उवेची निवड फार मोलाची वाटते. मोराच्या पिसाऱ्यात देव कुणालाही दिसेल. उवेत दिसायला आधी तिच्यापुढे महिनोन् महिने बसावं लागतं, आणि इतका वेळ बसताना अहंकार फार काळ टिकत नाही. तू स्वतःच सांग, सूक्ष्मदर्शकापुढे सहा तास बसून उठल्यावर तुला स्वतःबद्दल मोठं वाटतं की लहान?

मामांच्या म्हणण्यात एक धागा मात्र खरा आहे, तो फेकून देऊ नकोस. मिरवण्यासाठी शोधणाराही असतो, आणि त्याचा शोध लवकरच मालकीहक्काचा होतो. 'माझा' नियम, 'माझी' प्रजाती. त्या अर्थानं मामा घाबरत असतील तर रास्त घाबरतात. पण 'झाकून ठेवलेलं' हे मला पटत नाही. डायटम कुणी झाकून ठेवलेले नाहीत. तळं, डबकं, नदी, समुद्र, जिथे उजेड आणि ओल आहे तिथे ते आहेत. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे पाचवा हिस्सा हे एकपेशीय जीव करतात, म्हणजे मामांच्या श्वासातही त्यांचा वाटा आहे. आपली नजर तोकडी होती, एवढंच. आणि शब्दाचंच म्हणशील तर ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात ब्रह्माच्या शोधासाठी जो शब्द आला आहे तो 'जिज्ञासा' हाच. जाणून घेण्याची इच्छा. आपल्या भाषेनं देवाच्या शोधाला आणि उवेच्या शोधाला एकच नाव दिलं आहे.

तरी मामांशी वाद घालू नकोस. वादानं ते हटणार नाहीत आणि तू दुखावशील. एकदा त्यांना सोबत ने, खुर्चीवर बसव, फोकस तू लाव आणि काही न बोलता बाजूला हो. एक पेशी त्यांना दाखव आणि तिची दोन अर्धकवचं कशी एकमेकांवर बसतात ते बघू दे, डबी आणि तिचं झाकण असावं तशी. मराठीत या वनस्पतींना 'करंडक वनस्पती' म्हणतात हे सांगितलंस तर त्यांना नाव लगेच कळेल. बाकीचं त्यांच्यावर सोड.

आता तुझा मित्र. हसला ते त्यानं चुकीचं केलं. जी गोष्ट माणूस विश्वासानं उघड करतो तिला हसू नये. पण त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. श्रीनिवास रामानुजन सांगत की नामगिरी देवी आपल्याला सूत्रं सुचवते. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणितज्ञ हार्डी पक्के निरीश्वरवादी. दोघांनी एकत्र काम केलं आणि ते गणिताच्या इतिहासात राहिलं. हार्डींनी कधी देवीचा पुरावा मागितला नाही. सूत्राची सिद्धता मात्र मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. आणि ते बरं झालं, कारण १९१३च्या पत्रव्यवहारात मूळ संख्यांबद्दल रामानुजन यांनी केलेले काही दावे चुकीचे निघाले. त्यामुळे रामानुजन यांची श्रद्धा खोटी ठरत नाही, प्रतिभा तर नाहीच नाही. कळतं ते इतकंच, की सुचणं कितीही पवित्र वाटलं तरी ते तपासावं लागतं. ते तपासायला शेजारी एक हार्डी असणं हे भाग्य आहे. तुझा मित्र तुझा हार्डी होऊ शकतो. हसायचं मात्र त्यानं बंद केलं पाहिजे, आणि हे त्याला तू स्पष्ट सांग.

तेव्हा फसवणुकीचं उत्तर असं: हात जोडले जातात ही फसवणूक नाही, ना मामांची ना मित्राची. लपवाछपवीनं तू थकली आहेस इतकंच, आणि तो थकवा कामातही उतरला असेल.

तुझा मूळ प्रश्न. विज्ञानातून देव शोधणं शक्य आहे का? शोधणं शक्य आहे. 'सापडला' असा शिक्का विज्ञान मारून देत नाही, आणि मारून दिला असं कुणी सांगू लागलं तर मी त्याच्यापासून चार पावलं दूर राहीन, मग तो कितीही मोठा भक्त असो. न्यूटनचं बघ. ग्रहांच्या एकमेकांवरच्या ओढीमुळे त्यांच्या गतीत बारीक बिघाड साठत जातील आणि मग ही व्यवस्था नीट बसवावी लागेल, असं त्याला वाटत होतं. ती दुरुस्ती ईश्वराची. पुढे १७८०च्या दशकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की गुरू आणि शनीच्या गतीतला जो फरक साठत चालला आहे असं वाटत होतं, तो सुमारे नऊशे वर्षांच्या चक्रात येतो आणि जातो. जिथे न्यूटनचं गणित थांबलं होतं तिथे त्यानं देवाला बसवलं होतं, आणि गणित पुढे सरकल्यावर त्या देवाला उठावं लागलं. आपल्या अज्ञानाच्या फटीत देवाला बसवणं ही मला त्याची अवहेलना वाटते. तुझी श्रद्धा उद्याच्या पेपरवर अवलंबून असावी असं तुला वाटतं का?

जॉर्ज लमेत्र यांना ते मुळीच नको होतं. ते बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडलं आणि १९३१मध्ये आदिम अणूची कल्पना, जिला पुढे महास्फोट म्हटलं गेलं. १९५१मध्ये खुद्द पोपनी भाषणात सुचवलं की या सिद्धांतानं जगाच्या निर्मितीला पुष्टीच मिळते. कुणाही धर्मगुरूला आनंद व्हावा अशी ही गोष्ट, पण लमेत्र अस्वस्थ झाले. असं बोललं जाऊ नये म्हणून त्यांनी पोपच्या सल्लागारांमार्फत प्रयत्न केले, आणि पुढच्या वर्षीच्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेतल्या भाषणात पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. लमेत्र यांची श्रद्धा इतकी पक्की होती की तिला समीकरणाचा टेकू नको होता, आणि समीकरणाला ते इतकं मानत की त्याच्याकडून भलतं वदवून घेणं त्यांना चालत नव्हतं. १९६६मध्ये ते गेले. त्याआधी थोडे दिवस त्यांना कळलं होतं की महास्फोटाचा मागे उरलेला प्रारण-गुंजारव सापडला आहे. ते ऐकताना त्यांना काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते.

आता जरा कडू बोलते. तुझ्या पत्रात सौंदर्यच सौंदर्य आहे. पण तुझ्याच डायटममध्ये स्यूडोनिट्शिया नावाचा वंश आहे, सुईसारखा नाजूक आणि देखणा. त्यातल्या काही जाती डोमोइक अ‍ॅसिड नावाचं विष बनवतात. ते शिंपल्यांतल्या जीवांमध्ये साठतं. १९८७ साली कॅनडात असे जीव खाऊन शंभराहून अधिक माणसं आजारी पडली, तिघं गेली आणि काहींची स्मरणशक्ती कायमची बिघडली. हीही त्याचीच सही का? हा प्रश्न मी तुला टोचायला विचारत नाही. जी नजर फक्त देखण्या स्लाइडपुढे झुकते ती मला अपुरी वाटते, म्हणून विचारते आहे. डार्विनला हाच प्रश्न सुटला नाही. जिवंत अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या आणि पिल्लांना त्या अळ्या आतून खाऊ घालणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवानं मुद्दाम बनवल्या असतील हे माझ्या मनाला पटत नाही, असं त्यानं १८६०मध्ये एका श्रद्धावान मित्राला कळवलं. त्याची श्रद्धा विरत गेली. पण ज्या माणसानं बार्नेकल या चिमुकल्या प्राण्यांवर आठ वर्षं घातली, त्याच्या बघण्यात भक्ती नव्हती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देव न मानणाराही इतक्या निष्ठेनं बघू शकतो, हे तुझ्या मित्राबद्दल विचार करताना लक्षात ठेव.

या कडू प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि मी ते उसनं आणणार नाही. मी इतकी वर्षं तो तसाच जवळ बाळगून आहे आणि तरी माझे हात जोडले जातात. तुझेही जोडले जावोत, पण विषारी सुईसुद्धा बघून झाल्यावर.

आता तुझ्या तीन स्लाइड. त्यासाठी मला केप्लर या खगोलशास्त्रज्ञाकडे जावं लागेल. तो धर्मगुरू व्हायला निघाला होता, गणित शिकवण्याची नोकरी मिळाली आणि वाट बदलली. पंचविशीत, १५९६ साली, त्यानं एक विलक्षण कल्पना मांडली. तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा, म्हणजे त्यांच्यामधल्या फटी पाच, आणि भूमितीत पूर्ण सममित घनही पाचच. एकात एक घन बसवत गेलं की ग्रहांमधली अंतरं जवळपास जुळतात. केप्लरला वाटलं, देवाचा नकाशाच हाती आला. तुझा ग्राफ आठव. तो तसाच आनंद होता.

पुढे त्याच्या हाती टायको ब्राहेची मंगळाची निरीक्षणं आली. टायको १६०१मध्ये गेला आणि केप्लर त्या आकड्यांशी झुंजत बसला. वर्तुळाकार कक्षेचं एक गणित त्यानं असं बसवलं की बहुतेक नोंदी सुरेख जुळल्या. मग दुसऱ्या बाजूनं ताडून बघितलं तर फरक आला आठ कलांचा. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे तीस कला असते, म्हणजे चंद्राच्या पाव भागाएवढा फरक. त्या काळात दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की निरीक्षणात एवढी चूक चालायचीच. पण टायको इतका चुकणारा नव्हता हे केप्लरला माहीत होतं. आणि त्यानं लिहिलं काय, तर देवानं कृपेनं आपल्याला टायकोसारखा निरीक्षक दिला, त्याच्या नोंदींमुळे ही आठ कलांची चूक उघड झाली, तेव्हा देवाची ही देणगी आपण कृतज्ञतेनं स्वीकारली पाहिजे.

हे वाचलं की दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. जुळलेल्या घनांना देवाची योजना म्हणणं सोपं होतं. त्यानं न जुळलेल्या आठ कलांनाही देवाची देणगी म्हटलं. वर्षानुवर्षांचं गणित मोडणारा फरक, आणि त्यापुढे तो हात जोडून उभा. त्या आठ कलांचा पाठपुरावा करता करता वर्तुळ सुटलं आणि लंबवर्तुळ आलं. ते १६०९मध्ये छापून निघालं. आणि तरी, तो माणूसच होता. पाच घनांची लाडकी कल्पना त्याच्याच्यानं शेवटपर्यंत पूर्णपणे सुटली नाही. पुढे १७८१मध्ये युरेनस सापडला आणि सहाचा हिशेब तसाही मोडला. म्हणून तुला त्या स्लाइड मोजवत नाहीत याचं मला नवल वाटत नाही, आणि रागही नाही.

मला वाटतं, तुझं मन लागत नाही ते मित्रामुळे नाही आणि मामांमुळेही नाही. त्या तीन स्लाइड ट्रेमध्ये पडून आहेत आणि त्या तिथे आहेत हे तुला रोज ठाऊक आहे. जिथे तुला सही दिसली तिथे तू रडलीस. आता भीती ही, की मोजल्यावर सही पुसली जाईल. पण बघ, ज्याची म्हणून ती सही तू मानतेस, ते दुसरं तळंही त्याचंच ना? त्याला सोयीपुरतं वाचायचं आणि उरलेलं ट्रेमध्ये ठेवायचं, याला मी भक्ती म्हणणार नाही.

आणि काय निघेल हे आधीच धरून बसू नकोस. डायटम विभागतो तेव्हा दोन्ही अर्धकवचं लेकी पेशींची झाकणं होतात आणि खालची डबी आत नव्यानं बनते, त्यामुळे एक लेक आईएवढी, दुसरी किंचित लहान. असं पिढ्यानपिढ्या होत सरासरी आकार घटत जातो, शेवटी लैंगिक प्रजननातून जुनं कवच टाकून पेशी पुन्हा मोठी होते. हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. लांबी घटते तशी रेषांची दाटी त्याच प्रमाणात बदलेलच असं नाही. कदाचित त्या तळ्यातल्या पेशी या प्रवासात वेगळ्या टप्प्यावर असतील. कदाचित तुझा नियम एका पाण्यापुरता असेल. कदाचित वरवर बघताना तुझाच अंदाज चुकला असेल आणि तिन्ही स्लाइड रेषेवर येऊन बसतील. या तिन्हींत मोजल्याशिवाय फरक करता येणार नाही.

म्हणून असं कर. त्या हसणाऱ्या मित्रालाच सांग की तीन स्लाइड आणि पहिल्या तळ्यातल्या आणखी तीन एकत्र मिसळ, लेबलांवर कागद चिकटव आणि फक्त क्रमांक घाल. कुठली कुठल्या पाण्यातली हे तुला कळता कामा नये. आधी तू मोज, मग तुझे आकडे न दाखवता त्याला मोजू दे. मोजायला बसण्याआधी हात जोडावेसे वाटले तर त्याच्यासमोर जोड, लपवू नकोस. मोजताना मात्र फक्त मोज. निम्म्यावर ग्राफ काढून बघू नकोस. सगळे आकडे वहीत आल्यावर कागद सोडवा, आणि तेव्हा तू एकटी असू नकोस, त्याला शेजारी बसव.

जे येईल ते मला कळव. ठिपके रेषेवर बसले तरी, आणि नाही बसले तर नक्कीच.

तुझी,
ताई